रजा साठ दिवसांची, कर्ज वीस वर्षांचं : जवानाने घर घेताना कुठे अडतं?

बेळगाव : फौजी रजेवर आला की घरात दोन विषय हमखास निघतात. पोरगा बिनलग्नाचा असेल तर लग्नाचा, लग्न झालेलं असेल तर घराचा. हिंडलगा, गणेशपूर, सांबरा, कंग्राळी, इकडे उचगाव-तुरमुरी आणि सीमेपलीकडे शिनोळी-चंदगडपर्यंत प्रत्येक गावात सैन्यातली माणसं आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर १९२२ पासून बेळगावात आहे, सांबऱ्याला हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. इथे ट्रेनिंग झालेला जवान पुढे काश्मीर, आसाम, राजस्थान असा फिरतो आणि शेवटी मुलांच्या शाळेसाठी, मिलिटरी हॉस्पिटलसाठी, कॅन्टीनसाठी घर मात्र बेळगावातच बघतो.

अडचण अशी की घर बघायला त्याच्याकडे वेळ नसतो. जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक रजा आणि ३० दिवसांची किरकोळ रजा. तीही एकदम मिळेलच असं नाही. त्यातले चार-सहा दिवस प्रवासात, काही शेताच्या कामात, काही पै-पाहुण्यांत जातात. उरलेल्या दिवसांत प्लॉट बघायचा, भाव ठरवायचा, बँकेत खेटे घालायचे आणि रजिस्ट्रेशनही करून मोकळं व्हायचं. हे गणित दलालालाही पाठ असतं. ‘साहेब, परवा तुम्ही ड्युटीवर जाणार, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, आजच संचकार द्या,’ हे वाक्य सीमाभागातल्या बहुतेक फौजी घरांनी कधी ना कधी ऐकलेलं आहे. व्याजदर अर्धा टक्का कमी की जास्त यावर लोक तासभर वाद घालतात. जवानाचं खरं नुकसान मात्र व्याजदरापेक्षा या घाईत होतं, आणि दुसरं नुकसान होतं कर्जाची मुदत चुकीची धरल्यामुळे.

पगार संपतो चाळिशीत, हप्ता चालतो साठीपर्यंत

मुदतीचं आधी बघू. शिक्षक किंवा बँकेतला कर्मचारी साठीला निवृत्त होतो. शिपायाची सैन्यातली मूळ मुदत १७ वर्षांची, नाईक २२, हवालदार २४, नायब सुभेदार २६, सुभेदार २८. वर दोन वर्षांची वाढ मिळू शकते. म्हणजे एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला हवालदार त्रेचाळिसाव्या वर्षी घरी येतो. गृहकर्ज मात्र त्याला बाकीच्यांसारखंच २० वर्षांचं दिलं जातं. पगाराची स्लिप चांगली, सरकारी नोकरी पक्की, हप्ता बुडण्याची भीती नाही, म्हणून बँकेला अडचण वाटत नाही. जवानालाही कमी हप्ता बरा वाटतो.

एक उदाहरण मांडून बघा. ३६ वर्षांच्या हवालदाराने २५ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं. महिन्याचा हप्ता बसतो २१,६९६ रुपये. सात वर्षांनी तो पेन्शनीवर आला. तोपर्यंत त्याने हप्त्यांत जवळपास १८ लाख २२ हजार भरलेले असतात. कर्ज किती उरलं असेल? सुमारे २० लाख ४४ हजार. सुरुवातीच्या वर्षांत हप्त्याचा मोठा भाग व्याजातच जातो, त्यामुळे १८ लाख भरून मुद्दल कमी झालेलं असतं जेमतेम साडेचार लाख.

आता त्याच्या हातात काय येतं ते. निवृत्तीवेळी मूळ पगार ४०,४०० आणि मिलिटरी सर्व्हिस पे ५,२०० धरला, तर बेरीज ४५,६००. पेन्शन त्याच्या निम्मी, २२,८००. सैन्यात निम्म्यापर्यंत पेन्शन विकता येते, ज्याला कम्युटेशन म्हणतात. नागरी कर्मचाऱ्याला ही मर्यादा ४० टक्के आहे. निम्मी विकली तर एकरकमी साधारण १२ लाख मिळतात आणि पुढची १५ वर्षं मूळ पेन्शन ११,४०० राहते. महागाई भत्ता मात्र पूर्ण २२,८०० वर मिळत राहतो, हा त्यातल्या त्यात दिलासा. पण हप्ता २१,६९६ चा तसाच आहे, आणि मुलं त्याच सुमाराला दहावी-बारावीत आलेली असतात.

म्हणून कर्ज घेताना पहिला प्रश्न ‘हप्ता किती?’ असा न विचारता ‘मी घरी येईन त्या दिवशी कर्ज किती उरलेलं असेल?’ असा विचारायचा. बँकेचा माणूस संगणकावर पाच मिनिटांत हा तक्ता काढून देतो. मागितला तर. हेच कर्ज १० वर्षांत फेडायचं ठरवलं तर हप्ता ३०,९९६ वर जातो, पण एकूण व्याज २७ लाखांवरून सव्वाबारा लाखांच्या आत येतं. इतका हप्ता झेपत नसेल तर कर्ज कमी घ्या आणि घर लहान बघा. आठवा वेतन आयोग येणार आहे म्हणून आजच मोठा हप्ता गळ्यात बांधून घेणारेही आहेत. तो पैसा हातात पडेल तेव्हा कर्जात जादा भरता येतो, त्यासाठी आजच बोजा वाढवण्याचं कारण नाही.

निवृत्तीला मिळालेली रक्कम कर्जात भरावी की नाही, यावर घराघरांत मतभेद असतात. वरच्या उदाहरणात कम्युटेशनचे १२ लाख कर्जात टाकले आणि हप्ता तोच ठेवला, तर उरलेलं कर्ज चार वर्षांच्या आत संपतं. बदलत्या व्याजदराचं गृहकर्ज व्यक्तीने मुदतीआधी फेडलं तर बँकेला दंड लावता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कम्युटेशन हेही एक प्रकारचं कर्जच. हिशेब केला तर ते सव्वासात ते साडेसात टक्क्यांच्या आसपास पडतं, म्हणजे साडेआठच्या गृहकर्जापेक्षा स्वस्त. हे पैसे बाजूला ठेवून भावाला ट्रॅक्टर घेऊन देणं आणि स्वतः २० लाखांवर व्याज भरत बसणं, हा व्यवहार नात्यापोटी समजू शकतो, हिशेबात मात्र बसत नाही.

कर्ज कुठून घ्यायचं

अमेरिकेत असलेल्या नातेवाइकांकडून किंवा यूट्यूबवरून ‘व्हेटरन लोन’बद्दल ऐकलेले लोक बँकेत जाऊन विचारतात की माजी सैनिकांसाठी तसं सरकारी कर्ज आपल्याकडे आहे का. अमेरिकेत १९४४ च्या कायद्यापासून सैनिक आणि माजी सैनिकांच्या गृहकर्जाला तिथलं सरकार हमी देतं. कर्ज बँकच देते, पण सरकारची हमी असल्याने पात्र माणसाला पदरचा पैसा न घालताही घर घेता येतं. बदलीच्या काळात सैनिक दुसरीकडे असला तरी पत्नी त्या घरात राहायला गेली की अट पूर्ण झाली असं धरतात. आपल्याकडे अशी हमी नाही. इथे सवलती आहेत त्या मुख्यतः नोकरीत असणाऱ्याला. पेन्शनीवर आल्यावर माजी सैनिक बँकेपुढे एक साधा पेन्शनरच असतो. त्यामुळे घ्यायचं ते नोकरीत असताना घ्यावं, पण फेडायचंही शक्यतो नोकरीतच.

नोकरीतल्या जवानासाठी पहिला दरवाजा आर्मी ग्रुप इन्शुरन्स फंडाचा. त्याचं घरबांधणी कर्ज हुद्द्यावर आणि शिल्लक नोकरीवर ठरतं, वसुली थेट पगारातून होते आणि फेड निवृत्तीपर्यंत व्हावी अशी त्याची बांधणी असते. वर सांगितलेली मुदतीची चूक इथे आपोआप टळते. अर्ज युनिटमार्फत जातो. कागद कडक तपासतात म्हणून अनेक जण या वाटेला जात नाहीत. खरं तर तो कडकपणा फुकटात मिळालेला वकील आहे. ज्या प्लॉटवर फंड कर्ज देत नाही, त्यात स्वतःची आयुष्यभराची पुंजी का घालायची, हे एकदा स्वतःला विचारावं.

दुसरा दरवाजा बँकांचा. पगार डिफेन्स सॅलरी पॅकेजच्या खात्यात जमा होत असेल तर बहुतेक सरकारी बँका जवानांना वेगळी योजना देतात, स्टेट बँकेचं ‘शौर्य’ गृहकर्ज त्यातलंच एक. इथे फेडीची मुदत लांब मिळते. ती सोय आहे, पण तोच सापळाही. जवानांच्या भविष्य निर्वाह निधीतूनही घरासाठी पैसे काढता येतात. आर्मी वेल्फेअर हाउसिंग ऑर्गनायझेशन ही संस्था १९७८ पासून शहराशहरांत सैनिकांसाठी वसाहती बांधते. पुणे-बेंगळुरूकडे स्थायिक व्हायचा विचार असणाऱ्यांनी तिच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं.

युद्धात किंवा सेवेच्या कारणाने मृत्यू आलेल्या जवानांच्या कुटुंबांसाठी आणि युद्धात अपंगत्व आलेल्यांसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाची एक योजना आहे. घर बांधायला घेतलेल्या बँक कर्जावरच्या व्याजाचा अर्धा भाग, १ लाखाच्या मर्यादेत, परत मिळतो. बेळगावच्या किंवा कोल्हापूरच्या सैनिक कल्याण कार्यालयातून अर्ज जातो. ज्यांचा हक्क आहे अशा बऱ्याच वीरपत्नींना या योजनेचं नावही ठाऊक नसतं.

पदरचे पैसे किती लागतात, यातही लोक फसतात. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते, त्यावर ७५ लाखांपर्यंत ८० टक्के. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च यात धरत नाहीत. बेळगाव शहरात ३० लाखांचं घर घेतलं तर मुद्रांक शुल्क ५ टक्के, त्यावर सेस आणि सरचार्ज मिळून ५.६ टक्के होतात. नोंदणी फी ऑगस्ट २०२५ च्या अखेरीपासून १ टक्क्याची २ टक्के झाली आहे. म्हणजे सगळे मिळून २ लाख २८ हजार. हे आणि घराच्या किमतीतले आपल्या वाट्याचे ३ लाख, असे सव्वापाच लाख हातात रोख असल्याशिवाय पुढे जाऊ नये. नाहीतर हेच पैसे पर्सनल लोन काढून भरले जातात आणि गृहकर्जाबरोबर दुसरा हप्ता सुरू होतो.

बॉण्डवरचा प्लॉट

आता घाईचं. बेळगाव परिसरात सर्वांत जास्त फौजी कुठे अडकले असतील तर बॉण्ड पेपरवर घेतलेल्या प्लॉटमध्ये. शेतजमीन बिगरशेती न करता, लेआउट मंजूर न घेता, मालक तिचे तुकडे पाडतो. अशा तुकड्याचं रजिस्टर खरेदीपत्र होत नाही. मग स्टॅम्प पेपरवर करार, नोटरीचा शिक्का, सोबत एखादं मुखत्यारपत्र आणि ताबा. भाव रजिस्टर प्लॉटच्या निम्मा असतो, म्हणून रजेवर आलेल्याला तो परवडणारा वाटतो. बँक यावर कर्ज देत नाही, त्यामुळे पैसे जातात ते भविष्य निर्वाह निधीतले किंवा पर्सनल लोनचे.

सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सुरज लॅम्पच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे की विक्रीचा करार, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र अशा कागदांनी मालकी बदलत नाही, त्यासाठी नोंदणीकृत खरेदीपत्रच लागतं. म्हणजे बॉण्डवाल्या प्लॉटचा मालक कागदोपत्री शेतकरीच राहतो. तो वारला की त्याची मुलं, मुली, भाऊबंद वारस म्हणून उताऱ्यावर येतात. त्यातल्या एकाने ‘मला माहीत नाही’ म्हटलं की फौजीचं घर हवेत.

यात एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. लोक सांगतात, ‘आम्ही ईसी काढली होती, काही बोजा नव्हता.’ ईसी म्हणजे एन्कम्ब्रन्स सर्टिफिकेट, कावेरी पोर्टलवर घरबसल्या निघतं. पण त्यात फक्त सब-रजिस्ट्रारकडे नोंदलेले व्यवहार दिसतात. बॉण्डवर तोच प्लॉट आधी तिघांना विकलेला असला तरी ईसी कोरीच येणार. कोऱ्या ईसीवरून एवढंच कळतं की नोंदणीकृत बोजा नाही. जमिनीवर दुसऱ्या कुणाचा दावा आहे का, ते त्यातून कळत नाही.

तपासायचं ते असं. शहरात महापालिकेचा ई-खाता आणि बुडाने मंजूर केलेला लेआउट. ऑक्टोबर २०२४ पासून ई-खात्याशिवाय शहरी मालमत्तेची नोंदणी होत नाही, ही घेणाऱ्याच्या फायद्याचीच गोष्ट आहे. ग्रामपंचायत हद्दीत, म्हणजे हिंडलगा-गणेशपूरसारख्या भागात, ई-स्वत्तूचा फॉर्म ९ आणि फॉर्म ११. त्यातही ११ अ आहे की ११ ब, हे डोळ्यात तेल घालून बघायचं. ११ ब म्हणजे पंचायतीच्या दप्तरी नोंद आहे, कर भरला जातो, एवढंच. लेआउट मंजूर आहे असं त्यातून सिद्ध होत नाही, आणि बँका अशा कागदाकडे सहसा पाठ फिरवतात. शेतजमीन असेल तर आरटीसी उतारा आणि बिगरशेतीचा आदेश. २०२० पासून कर्नाटकात शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते, म्हणून ‘आता सगळं मोकळं झालंय’ असं सांगितलं जातं. घेता येते हे खरं, पण बिगरशेती केल्याशिवाय तिच्यावर घर बांधता येत नाही. आठपेक्षा जास्त फ्लॅटचा किंवा ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचा नवा प्रकल्प असेल तर रेराचा नोंदणी क्रमांक मागायचा.

आणि भाषा. खाता, उतारा, बिगरशेतीचा आदेश सगळं कन्नडमध्ये, खरेदीपत्रही बहुधा कन्नडमध्येच. चंदगड, गडहिंग्लज किंवा खानापूरकडच्या मराठी शाळेत शिकलेल्या जवानाला यातलं अक्षर कळत नाही. दलाल बोटाने दाखवतो तिथे तो सही करतो. सीमाभागात भाषेवर भांडणं पुष्कळ झाली, पण या एका जागी भांडण बाजूला ठेवून चारशे-पाचशे रुपये खर्च करावेत आणि मसुदा आधी मराठीत उतरवून घ्यावा. तो उतरवणारा दलालाचा किंवा विकणाऱ्याचा माणूस नसावा. सर्व्हे नंबर, चतुःसीमा, क्षेत्रफळ आणि नावाचं स्पेलिंग एवढ्या चार गोष्टी तरी आधार आणि सर्व्हिस रेकॉर्डशी ताडून बघायच्या. नावातल्या एका अक्षराच्या चुकीपायी दुरुस्ती खरेदीपत्र करायला दोघांना पुन्हा सब-रजिस्ट्रारकडे उभं राहावं लागतं, आणि तोवर युनिट कुठे गेलेलं असेल ते सांगता येत नाही.

तो ड्युटीवर, सही कुणाची?

व्यवहार अर्ध्यावर असताना बदलीचा हुकूम येणं ही नेहमीची गोष्ट. युनिट पीस स्टेशनहून फील्डमध्ये गेलं की सहा-आठ महिने फोनही लागत नाही अशी ठिकाणं आहेत. त्यामुळे जवानाचं घर प्रत्यक्षात उभं करते ती त्याची बायको. ठेकेदाराशी वाद घालणारी, बँकेत रांगेत उभी राहणारी, पाण्याच्या टाकीचा खड्डा मोजून घेणारी तीच. तरी कागदावर तिला काही अधिकार नसतो. तो रजेवर असतानाच देऊन ठेवायला हवा.

मुखत्यारपत्र करायचं तर नोटरीवर भागवू नये. नवऱ्याने सब-रजिस्ट्रारपुढे स्वतः हजर राहून करावं. बाहेर पोस्टिंगवर असेल तर जिथे राहतो तिथल्या सब-रजिस्ट्रारपुढे, नोंदणी कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे, करता येतं. ते सर्वसाधारण न ठेवता या एका मालमत्तेपुरतं असावं : सर्व्हे नंबर लिहिलेला, खरेदीपत्रावर सही करणं, नोंदणीला हजर राहणं, कर्जाचे कागद करणं, वीज-पाणी जोडणी घेणं, असं एकेक काम स्पष्ट नमूद केलेलं. भावाच्या किंवा मित्राच्या नावे ‘सगळे अधिकार’ देणारं मुखत्यारपत्र पुढे किती महागात पडतं, हे बेळगाव कोर्टातला कुठलाही वकील सांगेल. बँकेचा नमुना वेगळा असतो, तो आधी मागून घ्यावा. कर्जाच्या करारावर कर्जदाराचीच सही हवी असा काही शाखांचा आग्रह असतो. तसं असेल तर रजेचे पहिले दिवस त्यासाठी राखून ठेवायचे.

याहून सरळ वाट म्हणजे घर आणि कर्ज दोघांच्या नावे. महाराष्ट्राच्या बाजूला घर फक्त बाईच्या नावे घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते, आणि तिथे नोंदणी फी १ टक्का असली तरी कमाल ३० हजारांवर जात नाही. शिनोळीच्या अलीकडे-पलीकडे दोन मैलांत हा फरक आहे. शिवाय माजी सैनिकांना घरपट्टीत माफी देणारी महाराष्ट्राची २०२० ची योजना आहे, तिचा लाभ महाराष्ट्रातल्या घरालाच. सगळे मिळून फरक लहान नाही. तरी मुलांची शाळा, दवाखाना आणि भाड्याने द्यायची वेळ आली तर मिळणारं भाडं बघता बरेच जण बेळगावकडेच वळतात.

रजेचा उपयोग कसा करावा, यावर एक साधं वळण जुने सुभेदार लोक सांगतात ते पटण्यासारखं आहे. एका रजेत फक्त बघायचं आणि कागदांच्या झेरॉक्स घ्यायच्या. मधल्या काळात वकिलाकडून तपासणी, बँकेकडून पूर्वमंजुरी. दुसऱ्या रजेत खरेदी. सहा महिन्यांत प्लॉट गेला तर गेला. खरेदीपत्रावर सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत ते नोंदणीला दाखल करता येतं, त्यामुळे शेवटच्या दिवशी सर्व्हर बंद पडला म्हणून हातघाईवर येण्याचं कारण नाही. संचकार दिलाच तर तो चेकने, लेखी कराराने, आणि कर्ज मंजूर झालं नाही तर पैसे परत अशी ओळ त्यात घालून.

वाद कोर्टात गेलाच, तर एक आधार आहे. इंडियन सोल्जर्स लिटिगेशन अॅक्ट, १९२५ प्रमाणे युद्धजन्य किंवा विशेष परिस्थितीत सेवेवर असलेल्या जवानाविरुद्ध त्याच्या गैरहजेरीत खटला पुढे रेटता येत नाही. कमांडिंग ऑफिसरचं प्रमाणपत्र कोर्टात गेलं की सुनावणी थांबवता येते. दिवाणी प्रक्रिया संहितेत, रजा न मिळणाऱ्या जवानाला आपल्या वतीने दावा चालवायला माणूस नेमता येतो, आणि ते पत्र कमांडिंग ऑफिसरसमोर सही करून देता येतं. हे कायदे जुने आहेत, पण लागू आहेत.

घर इथे, माणूस तिथे

घर घेऊन कुटुंब मात्र पोस्टिंगच्या ठिकाणी क्वार्टरमध्ये, असं असेल तरी जुन्या करपद्धतीत ते घर राहतं घर धरून व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते, कारण नोकरीमुळे दुसरीकडे राहणं हे कारण मान्य आहे. नव्या करपद्धतीत राहत्या घराच्या व्याजाची ही वजावट नाही. कुठली पद्धत परवडते ते युनिटमधल्या मित्राचं बघून ठरवू नये, प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो. थोडं थोडं बांधणाऱ्यांसाठी आणखी एक अट आहे. कर्ज घेतलेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांत बांधकाम पूर्ण झालं नाही, तर २ लाखांची मर्यादा ३० हजारांवर येते. दर रजेला एक खोली बांधणारे यात सापडतात.

बँक कर्जाबरोबर विमा घ्यायला लावते, तो सक्तीचा नसतो. घ्यावा की नाही हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे, कारण जवान गेला तर कर्ज घरच्यांच्या डोक्यावर राहतं. ग्रुप इन्शुरन्सची रक्कम नॉमिनीला मिळते आणि भरतीच्या वेळी लिहिलेलं नॉमिनीचं नाव लग्नानंतर बदललेलंच नाही, अशी प्रकरणं आजही निघतात. कर्जावर सही बायकोची आणि विम्यावर नाव दुसऱ्याचंच, असा गुंता सासर-माहेरच्या बैठकांत सुटत नाही. पार्ट टू ऑर्डरमध्ये नोंद झाली का, हे याच रजेत विचारून घ्यावं.

अग्निवीरांचा विषय वेगळा. चार वर्षांची नोकरी, पेन्शन नाही, शेवटी सेवा निधीचे सुमारे ११ लाख ७१ हजार, आणि चौघांतला एकच कायम होणार. अशा पोराला लांब मुदतीचं कर्ज मिळणं कठीण, आणि मिळालं तरी वडिलांनी सहकर्जदार होऊन घेऊ नये. २०२३ च्या सुरुवातीला भरती झालेल्या पहिल्या तुकडीची चार वर्षं भरत आली आहेत. त्यांच्या हातात पडणाऱ्या रकमेवर गावोगावच्या प्लॉटवाल्यांची नजर आधीच आहे. सेवा निधी आला म्हणून लगेच बॉण्डवर दोन गुंठे घेण्यापेक्षा, कायम होतो की नाही ते कळेपर्यंत पैसे मुदत ठेवीत राहिलेले बरे.

कर्ज फिटल्यावर बँकेने मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे असतात. डिसेंबर २०२३ पासून उशिराबद्दल दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम आहे. कर्ज जिथून घेतलं त्या शाखेतून किंवा कागद असतील त्या बँकेच्या दुसऱ्या कार्यालयातून, घेणाऱ्याच्या सोयीप्रमाणे ते घेता येतात. कागद हातात आले की ईसी पुन्हा काढायची आणि बँकेचा बोजा उतरल्याची नोंद त्यात आली आहे का ते बघायचं.